डबा म्या भरला होता

मी शाळेत गेलो ते सुकडी खाले. मास्तर पाटीवर अक्षर काढून दाखवत अन् माहं ध्यान कोपऱ्यातल्या सुकडीच्या पोत्यावर. सुकडी बंद झाली तशी माही शाळाही बंद झाली. कोनी इचारलं, का बा, किती शिकला, तर मी सांगतो, एक पोतं. लोक हासतात. लोकाइले हासवता येते मले. दुसरं काही येत नाई.

नाई म्हनाले कांदे चिरता येतात. मी आचाऱ्याच्या हाताखाली काम करतो. लगन, तेरवी, सप्ताह, जिथं शंभराच्या वर पंगत तिथं आमची टोळी. आचारी कढईपाशी, मी वांग्याच्या ढिगापाशी. इतके वर्ष झाले पन आचारी मले मिठाले हात लावू देत नाई. एकडाव लावला होता, एका तेरवीत. अर्धी पंगत वरणाचा पयला घास घेऊन उठली. मी म्हनलं, ज्याची तेरवी हाय तोच एक सुटला बिचारा. तो किस्सा मी वडनेरच्या बाजारात किती डाव सांगतला असन, हिशेब नाई. पन गावात कोनी नवा मानूस भेटला का मी त्याले सांगतो, मी आचारी हावो.

आमाले पोरगी झाली तेही लगनानंतर आठ वर्षानं, अन् तेही सातव्या महिन्यात. नर्सबाईनं कापसात गुंडाळून हातात देल्ली. मी म्हनलं, बाई, हिचं वजन कराले सोनाराचा काटा आना. नर्सबाई हासली. बायको नाई हासली. तिनं तोंड भिताडाकडं केलं.

पोरगी जगली, पन खाये नाई. एक घास गालात धरून अर्धा अर्धा तास बसे. आंगनवाडीच्या वजनाच्या कागदावर तिचा ठिपका सदा लाल पट्ट्यात. बायको मांडीवर घेऊन चिऊ-काऊ करे, मी माकडावानी उड्या मारो. हासे पोरगी, पन हासताना घास बाहेर पडे. मंग आमी दोघं खाली पडलेल्या त्या घासाकडं पाहत राहो.

सहा वर्षाची झाली तवा गावातल्या शाळेत पयलीत टाकली. अन् तिथं ती जेवाले लागली.

शाळेत खिचडी शिजवनारी बाई बौद्ध मोहल्ल्यातली. नवरा पुन्याकडं कंपनीत, सहा महिन्यातून एकडाव येनार. बाई दहावी पास, अक्षर मोत्यावानी, पन गावात दहावी पासले चुलीपाशीच जागा भेटली. तिनं पयल्या आठवड्यातच पाह्यलं का हे पोट्टी खात नाई. मंग बाई काय करे, खिचडीचे लिंबाएवढे गोळे करून ताटात गोल मांडे अन् म्हने, "हे पाय, हे मोठे सर. हे दुसरीच्या मॅडम. हा तुहा बा. खाऊन टाक सगळ्याइले." पोरगी घरी येऊन सांगे, "बाबा, आज म्या मोठ्या सराले दोनदा खाल्लं. तुले पन खाल्लं." मी इचारो, "कसा लागलो?" तर म्हने, "खारट."

दिवाळीनंतर शाळेत वजन केलं. मोठे सर, म्हनजे हेडमास्तर, त्याइनं मले बोलावून सांगतलं का दोन किलो वाढली. बायकोनं त्या दिवशी सैपाकघरात बसून रडून घेतलं. मले म्हने, कांदा लागला. घरात कांदा नव्हता.

इथवर सगळं चांगलं होतं. आता मी आलो.

पानठेल्यावर एक दिवस मी माहाच काही किस्सा सांगून राह्यलो होतो, तर एक जन म्हने, "अबे, तू पाचशे लोकाइचा सैपाक करतं अन् तुही पोट्टी सरकारी खिचडीवर?" दुसरा म्हने, "त्याले इचार, त्याच्या हातचं घरी कोन खाईन?" सगळे हासले. मीही हासलो. पन ते मले लागलं. दुसऱ्यावर हासनं जमते, सोतावर त्याहून जमते, पन तिथं आपन किस्सा सांगनारे असलो पायजे. दुसऱ्यानं सांगतला का तो किस्सा राहत नाई.

अन् एक गोष्ट होती, ते मी तवा तोंडातून काढली नाई. आमच्या गल्लीतल्या दोन-चार घराइनं पोराइले डबे देनं सुरू केलतं. म्हनत, खिचडीत तेल बरोबर नसते, तांदूळ जुना असते. तांदूळ तोच होता जो चार वर्षांपासून येत होता. खिचडी शिजवनारी बाई तेवढी नवी होती. काऊन डबे सुरू झाले ते त्याइले मालूम, मले मालूम, सगळ्या गावाले मालूम. मी म्हनलं, माहं कारन तर वेगळं हाय, मी आचारी हावो. अन् मीही त्याच रांगेत जाऊन उभा राह्यलो.

बायको म्हने, "तिले खिचडी मानवते ना? चालत्या गाड्याले खीळ काऊन घालता?"

"बापाच्या हातचं खाईन तर अजून वाढन."

"बापाच्या हातचं," बायको म्हने. एवढंच म्हने. ते सकाऊन सहा वाजता बायांच्या संगं कापूस वेचाले निंगून जाये. डबा कोन भरनार, तर मी.

हिंगनघाटवरून गुलाबी डबा आनला, झाकनावर ससा. पयल्या आठवड्यात डबा अर्धा परत आला. पोरगी दुपारी खिचडीच खाये अन् डब्यातलं मैत्रिनीइले देये. मी तिले समोर उभी केली. पोट्टीवर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "डबा पुरा खाऊन याचा. एक घास उरला नाई पायजे. बाबानं बनवलं हाय ना?" तिनं मान हालवली. त्यानंतर डबा रिकामा येऊ लागला. मी पानठेल्यावर जाऊन सांगतलं, पाहा, आचाऱ्याची पोरगी.

होळीच्या आधी अल्लीपूरले एक लगन झालं. उन्ह तापाले लागलतं. आता लगनात पनीर नसलं तर नवरदेवाचा मामा रुसते, म्हनून पनीरची भाजी होती, मोठं गंज, म्हनजे पातेलं, भरून. पंगती उठल्यावर उरलेलं आमी वाटून घेतो, ते आमच्या कामात चालते. मी एक बरनी भरून आनली. पोरीनं कधी पनीर खाल्लं नव्हतं. ते बरनीपाशी बसून म्हने, "हे खरवस हाय का?" मी म्हनलं, "हे मोठ्या लोकाइचं खाद्य हाय. उद्या डब्यात नेजो, सगळ्याइले दाखवजो."

सकाऊन बरनी उघडली तर वास आला.

हे मी आता फिरवून सांगू शकतो, का वास थोडासा होता, का मले सर्दी होती. सर्दी नव्हती. वास आंबट होता अन् भाजीवर बारीक फेस होता. अन् मले मालूम होतं का याचं काय करतात, कारन वीस वर्षात आचाऱ्यानं मले जर काही शिकवलं असन तर तेवढंच. दुसऱ्या दिवशी पंगत असली अन् भाजी उतरली, म्हनजे आंबली असली, तर तिले पुन्हा उकळी द्याची, चिमूटभर खायचा सोडा टाकाचा, वरून गरम मसाल्याची फोडनी, मूठभर सांबार, म्हनजे तुमची कोथिंबीर. आंबटपना मरते. वास दबते. तशा भाज्या मी शेकडो लोकाइले वाढल्या. कोनी मेलं नाई. मोठी मानसं होती ते. त्याइच्या पोटात आधीच काय काय पडलेलं असते.

म्या उकळी देल्ली. सोडा टाकला. फोडनी असी जमली का वाटलं आचाऱ्याले बोलावून दाखवावं. डबा भरला, ससा दाबून बसवला, पोरीची वेनी घातली अन् शाळेत सोडून आलो.

एक वाजता शाळेतून फोन आला. तीन पोट्ट्या शाळेच्या वरांड्यात आडव्या पडल्या होत्या. माही अन् तिच्या दोन मैत्रिनी. उलट्या, जुलाब, डोळे वर. खिचडीवाली बाई माह्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिचं लुगडं पुरं भरलं होतं. मी पोचलो तर म्हने, "भाऊ, गाडी आना, बोलत नका बसू." मी बोलत नव्हतो. जन्मात पयल्यांदा माह्या तोंडातून शब्द निंगत नव्हता, पन तिले वाटलं मी बोलूनच राह्यलो असन.

हिंगनघाटले सरकारी दवाखान्यात नेलं. तिघीइले सलाईन लावली. बाकी दोघी सांजपर्यंत उठून बसल्या. माहीची नसच सापडे ना. नर्स एका हातावर टोचे, मंग दुसऱ्या, मंग पायावर. पोरगी रडत बी नव्हती. डॉक्टर म्हने, "हिच्या अंगात आहेच काय, नस कुठून सापडणार." बायको वावरातून तशीच आली होती, केसात कापूस. ते पलंगाच्या पायाशी उभी राह्यली अन् तिनं पोरीचे दोन्ही तळवे हातात धरले. दोन दिवस तिनं ते सोडले नाई.

दुसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले. डॉक्टरनं इचारलं, "बाळा, काय खाल्लं होतं काल?"

मोठे सर होते, दोघीइचे बाप होते, शाळा समितीचे अध्यक्ष होते. मी कोपऱ्यात. पोरीनं सगळ्याइकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. मी मान हालवली नाई, डोळाही हालवला नाई. काहीच केलं नाई म्या.

ते म्हने, "खिचडी."

सगळे गेल्यावर मी तिच्यापाशी बसलो. ते हळू म्हने, "बाबा, ते पनीर आंबट होतं. मले नाई आवडलं. पन तू म्हनलं होतं पुरा खा. मंग संपेच ना, म्हनून दोघीइले थोडं थोडं देल्लं." मंग म्हने, "तुले बोलतीन का आता?"

मी म्हनलं, "नाई बोलत कोनी."

अन् नाईच बोललं. त्या दोघीइनंही खिचडीच सांगतली होती, डब्यातल्या घासाचं त्याइले कोनी इचारलं नाई. मोठे सर सांगत होते का खिचडी त्याइनं सोता चाखली, साठ पोट्टे तेच खाऊन दुपारी कबड्डी खेळले. साठ खेळले, तीन पडल्या. हा हिशेब मले शाळा न शिकता जमला, शिकलेल्याइले नाई जमला. जमवाचाच नव्हता. बाईनं एकच इचारलं, "मंग बाकीच्याइले काऊन नाई झालं?" तर आमच्या गल्लीतला एक जन म्हने, "तू जास्त शहानी नको होऊ." चौथ्या दिवशी तिले सांगतलं, उद्यापासून येजो नको. पाचव्या दिवशी चुलीपाशी आमच्या गल्लीतली एक बाई उभी होती. डबेवाल्या पोराइचे डबे बंद झाले.

घरी बायकोनं डबा धुवाले घेतला. झाकन उघडून नाकापाशी नेला. मले म्हने, "सोडा टाकला होता?"

मी म्हनलं, "तुले वास कुठून येते, चार दिवस झाले."

"डब्यातून नाई येत," ते म्हने. "तुमी बोलता का मी बोलू?"

"बोलतो. उद्या बोलतो."

उद्या उद्या करत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसात पोरगी शाळेत जाऊ लागली अन् पुन्हा खाये ना. नव्या बाईच्या खिचडीचं ताट घेऊन बसे अन् तसंच परत देये. घरी घास गालात. मोठे सर रस्त्यात भेटले, म्हने, "वजन पुन्हा उतरून राह्यलं. काहीतरी करा. या वेळेस नाई सावरनार ते." मी म्हनलं, "सर, तिले गोळे करून द्या ना." सर म्हने, "ते करनारी गेली."

त्या दिवशी मी बाईच्या घरी गेलो. ते अंगनात बसून मिरच्याइचे देठ तोडून राह्यली होती. मी सगळं सांगतलं. वास, फेस, सोडा, फोडनी. मधात मले सवयीनं एक गंमतही सुचली, पन गिळली.

बाईनं हातातली मिरची खाली टाकली अन् म्हने, "मी इतके दिवस एकच आठवून राह्यली. दाळ धुतली होती का नाई. तेलाचा डबा उघडा राह्यला होता का. पाल पडली असन का. तुमी एक दिवस आधी आले असते भाऊ, तर मी एक दिवस कमी मेली असती."

तिनं दुसरी मिरची उचलली.

"पोरगी खाते का?" तिनं इचारलं.

"नाई."

"चला," ते म्हने. "मास्तराले सांगा."

शाळेत समिती बसलीच होती, दुसऱ्या कोन्या कामासाठी. मी आत गेलो अन् उभ्या उभ्या सांगतलं. "खिचडीनं नाई झालं. माह्या डब्यानं झालं. उतरलेल्या पनीरले म्या सोडा मारला."

अध्यक्ष पयले हासले. मंग सगळे. "घ्या," एक जन म्हने, "याच्या हातचं खाऊन पंगती उठत होत्या, आता पोट्टे आडवे पडून राह्यले." मी म्हनलं, "मी खरं सांगून राह्यलो." तर अजूनच हासले. म्या तोंड गंभीर केलं, तर ते पाहून एकाच्या डोळ्यात पानी आलं हासून हासून. माही पोरगी मरता मरता वाचली होती अन् मी त्या खोलीत सगळ्यात मोठा किस्सा सांगून राह्यलो होतो.

फक्त मोठे सर हासले नाई. ते म्हने, "असं तोंडी नाई चालत. लेखी द्या. मी वर पाठवतो."

लेखी. आता मी काय लिवतो? मले माहं नाव काढता येते, तेही उन्ह चांगलं असलं तर. गल्लीत तिघाइले म्हनलं, लिवून द्या बा. एकाचा चष्मा हरपला होता, एकाले गावाले जाचं होतं, तिसरा म्हने, काऊन सोताच्या पायावर धोंडा पाडून घेतं, पोरगी बरी झाली ना?

शेवटी बाईनंच लिवलं. मी सांगत गेलो, ते लिवत गेली, एक शब्द इकडचा तिकडं नाई. मधात एके ठिकानी थांबून म्हने, "सोडा किती?" मी म्हनलं, "चिमूटभर." तिनं चिमूटभर लिवलं. खाली मी अंगठा मारला, अन् वाटलं पुरे नाई, म्हनून नावही काढलं.

अध्यक्षानं कागद हातात घेतला, एकडाव पाह्यला अन् टेबलावर टाकला. "हे तर तिचंच अक्षर हाय. तिच्या सुटकेचा कागद तिनंच लिवला अन् या भोळ्याचा अंगठा घेतला." मले म्हने, "तुले कोनीही फसवते रे. जा घरी."

मी म्हनलं, "मी भोळा नाई, मी हरामखोर हावो." तरी कोनाले राग आला नाई. ज्या मानसाले गावानं कधी खरं धरलंच नाई, त्याचा कबूलनामा त्याइले लय सोयीचा झाला होता. सरानं कागद घडी करून खिशात ठेवला. वर पाठवला का नाई, मले मालूम नाई. उत्तर आलं नाई.

बाई शाळेच्या फाटकापाशी उभी होती. मी बाहेर आलो तर माह्या तोंडाकडं पाहूनच समजली. म्या म्हनलं, "पोरीले दुपारी तुमच्या घरी पाठवतो. तुमच्या हातचं खाईन ते."

"मी दुपारी घरी नाई राहत आता, भाऊ. उद्यापासून कापसाले जातो, तुमच्या घरच्याइच्या संगंच." अन् थोडं थांबून म्हने, "तिले सांगजा, मावशी रागावली नाई. तिच्यावर."

आता कापसाची शेवटची येचनी सुरू हाय. सकाऊन सहाले दोघी एकाच गाडीत बसून जातात. बायको माह्याशी कामापुरतं बोलते. डबा पुन्हा मीच भरतो, कारन खिचडीले पोरगी हात लावत नाई अन् घरी दुसरं कोनी नसते. आता डब्यात ताजी पोळी असते अन् आलूची भाजी, डोळ्यासमोर केलेली. मी सोता पयले खातो, मंग अर्धा तास थांबतो, मंग भरतो. वजन उतरनं थांबलं, एवढंच. वाढलं नाई.

परवा कोन्या कार्यात काम नव्हतं म्हनून दुपारी शाळेकडं गेलो. पोट्टे वरांड्यात रांगेनं जेवाले बसले होते. माही पोरगी रांगेत नव्हती. ते टोकाले, खांबाच्या आड, भिताडाकडं तोंड करून बसली होती, डबा मांडीत. तिच्या त्या दोघीइतली एक उठून तिच्यापाशी आली अन् हात पसरून म्हने, "एक घास दे ना वं."

पोरीनं पटकन झाकन लावलं, वरून दोन्ही हात ठेवले.

"नको खाऊ तू," ते म्हने. "माह्या बाबानं केलं हाय."

मैत्रीन गेली. मंग तिनं झाकन उघडलं, पोळीचा एक तुकडा मोडला अन् डोळे मिटून तोंडात टाकला.